टोकन मागतोय? आधी फ्लॅट बघा

पुण्यात वाकड-बाणेरकडे आजूबाजूला ३० हजार भाडं चालू असताना कुणी तसाच फ्लॅट १८ हजारांत देतोय, वर "मी लष्करात आहे, बदली झालीये, गेटपाससाठी टोकन पाठवा" म्हणतोय, तर तिथेच थांबा. ओळखपत्राच्या फोटोला भुलू नका, तोही बहुतेकदा दुसऱ्याचाच. ‘१ रुपया पाठवतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ हा तर ठरलेला डाव: पैसे घ्यायला यूपीआय पिन लागतच नाही. मालकाचं नाव इंडेक्स टूवर (फ्लॅटच्या नोंदणीचा सरकारी उतारा) तपासा, सोसायटीच्या वॉचमनलाही विचारा. आधार द्यायचंच तर मास्क्ड, शेवटचे ४ आकडेच दिसणारं. प्रतीवर आडवं ‘फक्त भाडेकरारासाठी’ आणि तारीख लिहा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनला फोन.