विंडोज, लिनक्स की मॅक? मतं ऐकून झाली, आता स्वतःच्या संगणकावर सात दिवस तपासा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षा अपडेट, संपला आणि घरोघरी एकच प्रश्न आला: चांगला चालणारा पीसी आता टाकून द्यायचा का? विचारलं की मतांचा पाऊस पडतो. एक म्हणतो, विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत सिस्टिम टाक, विमानासारखा पळेल. दुसरा म्हणतो, लिनक्सवर प्रिंटरसुद्धा चालत नाही. तिसरा म्हणतो, एकदाच ॲपलचा मॅक घे आणि सुटून जा. ही तिन्ही मतं खरी असू शकतात, कारण ती तीन वेगळ्या यंत्रांबद्दल आणि तीन वेगळ्या कामांबद्दल असतात. तुमचं यंत्र आणि तुमचं काम यांच्याबद्दल त्यांतलं एकही नसतं.

म्हणून कुठलंही मत ऐकलं की आधी चार गोष्टी विचारा: यंत्र कुठल्या वर्षाचं, रॅम किती, डिस्क जुनी फिरती की एसएसडी (फिरता भाग नसलेली, वेगवान), आणि रोजचं काम काय. डिस्कचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ‘विंडोज स्लो होतं, लिनक्स फास्ट आहे’ असं सांगणाऱ्याने बहुतेक वेळा पाच वर्षं वापरलेलं विंडोज फिरत्या हार्ड डिस्कवर पाहिलेलं असतं आणि कोरं लिनक्स एसएसडीवर. ही तुलनाच नव्हे. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सच्या पानावर डिस्कचा प्रकार बघा. एचडीडी, म्हणजे फिरती डिस्क, लिहिलेलं असेल आणि संगणक नुसता सुरू झाला तरी डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांवर चिकटून बसत असेल, तर आधी २५६ जीबीची साटा एसएसडी बसवा. सिस्टिमबद्दलचा निर्णय त्यानंतर. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. रॅम ४ जीबी असेल तर ८ करा. ब्राउझरचे पंधरा टॅब उघडल्यावर ४ जीबी कुठल्याच सिस्टिमला पुरत नाही, मग लिनक्स असो वा विंडोज.

आणखी एक तपासणी आत्ताच करून टाका. विंडोज १० च्या सेटिंगमध्ये अपडेट अँड सिक्युरिटी, त्यात ॲक्टिवेशन; विंडोज ११ मध्ये ते सिस्टिमखाली आहे. घरच्या संगणकावर तिथे डिजिटल लायसन्सचा उल्लेख दिसायला हवा. ‘तुमच्या संस्थेच्या ॲक्टिवेशन सेवेने चालू केले आहे’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य दिसलं आणि संगणक कुठल्या कंपनीचा नसेल, तर कोणीतरी चोरटं ॲक्टिवेटर वापरलेलं आहे. असली साधनं चालवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि त्याच वाटेने पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम आत येतात. अशा संगणकावर बँकेचं काम करू नका. बरेच जण ‘विंडोज फुकट आहे’ हे मत याच पायावर देतात.

विंडोज ११ बसेल का?

विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, उघडलेल्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत ‘टीपीएम डॉट एमएससी’ टाइप करा. टीपीएम म्हणजे सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप; तिची आवृत्ती २.० हवी. टीपीएम सापडत नाही असं आलं तर लगेच निराश होऊ नका. अनेक डेस्कटॉपच्या बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) ते असतं पण बंद असतं: इंटेलच्या बोर्डावर पीटीटी, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाने शोधा. त्याशिवाय यूईएफआय (नव्या धाटणीचं बायोस) आणि सिक्युअर बूट (फक्त सही असलेली सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय), ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि मोजके अपवाद सोडता इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. एएमडीमध्ये साधारण रायझन २००० मालिकेपासून पुढचे चालतात. नावात आय५ नंतर येणारा आकडा बघा: ७४०० म्हणजे सातवी पिढी, ८४०० म्हणजे आठवी.

रूफससारख्या, इन्स्टॉलचा पेन ड्राइव्ह बनवणाऱ्या साधनाने ही अट चुकवून विंडोज ११ टाकता येतं. पण अशा यंत्रांना अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, हाताने टाकावी लागते. ज्याला हे दरवर्षी जमेल त्यानेच करावं. आई-वडिलांच्या संगणकावर असं करून गावाला निघून जाऊ नये.

बसत नसेल तर मधला मार्ग आहे. विंडोज १० च्या २२एच२ या शेवटच्या आवृत्तीला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट घेता येतात. सेटिंगमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. मायक्रोसॉफ्ट खातं लागतं, आणि त्या खात्यात सेटिंगचा बॅकअप चालू केला तर पैसे पडत नाहीत. ही मुदत विचार करायला आणि लिनक्स शांतपणे तपासायला वापरा.

लिनक्स तपासायचं, तेही विंडोजला हात न लावता

लिनक्सचे अनेक प्रकार आहेत; पहिल्यांदाच करणाऱ्याने लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्ती घ्यावी. रॅम ४ जीबीच असेल तर तिच्याहून हलकी एक्सएफसीई. मिंटची २२ ही मालिका उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या २४.०४ आवृत्तीवर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. मांडणी विंडोज ७ ची आठवण करून देणारी: खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू. ‘कुठलं लिनक्स घेऊ’ या प्रश्नावर महिनाभर वाद वाचत बसण्यात काही हशील नाही.

मिंटची आयएसओ फाइल, म्हणजे सिस्टिमची पूर्ण प्रत, साधारण ३ जीबीची असते. ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह घ्या, त्यावरचं सगळं पुसलं जाणार. फाइल उतरवल्यावर तिचा एसएचए-२५६ आकडा (फाइलचा ठसा) मिंटच्या संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून बघा. उतरवताना नेट मध्येच तुटलं असेल तर फाइल अर्धवट राहते आणि पुढे भलत्याच ठिकाणी अडते. मग रूफस किंवा बलेना एचरने ती पेन ड्राइव्हवर लिहा. नुसती कॉपी-पेस्ट केली तर संगणक त्यावरून सुरू (बूट) होणार नाही.

बूट मेनूसाठी (संगणक कशावरून सुरू करायचा ते निवडायला) चालू करताच ही कळ दाबा: डेल, लेनोवो आणि एसरवर बहुतेक वेळा एफ१२, एचपीवर एफ९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरवर एफ१२ दाबून काहीच होत नसेल तर बायोसमध्ये जाऊन तो मेनू आधी चालू करावा लागतो. इथे एक इशारा मनापासून: बायोसमध्ये काहीही बदलण्याआधी बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू आहे का ते बघा, आणि असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. सिक्युअर बूट बदललं की विंडोज ती की मागतं, आणि की नसेल तर डिस्कवरचे फोटो गेले म्हणून समजा.

स्क्रीन काळी राहिली तर, विशेषतः एनव्हीडियाचं कार्ड असताना, पहिल्या मेनूतला कंपॅटिबिलिटी मोड निवडा. डेस्कटॉप आला की लक्षात ठेवा, हे सगळं पेन ड्राइव्हवरून चालू आहे. ॲप उघडायला लागणारा वेळ पेन ड्राइव्हचा आहे, लिनक्सचा नाही, म्हणून वेग आत्ता मोजू नका. आत्ता फक्त यंत्राचे भाग तपासा: वायफाय, आवाज, माइक, कॅमेरा, ब्लूटूथ, उजेड कमी-जास्त करायची बटणं, एचडीएमआयला लावलेला टीव्ही. लॅपटॉपचं झाकण दहा मिनिटं मिटून पुन्हा उघडा. झोपेतून न उठणारा लॅपटॉप ही लिनक्सवरची खरी, चिवट अडचण आहे आणि ती इथेच कळलेली बरी. वायफाय दिसत नसेल तर बहुधा ब्रॉडकॉम किंवा रिअलटेकची चिप असते. फोन यूएसबीने जोडून टेदरिंगवर नेट द्या आणि ड्रायव्हर मॅनेजर चालवा.

प्रिंटरचं मत मात्र मॉडेल पाहूनच द्यावं. एचपीचे बहुतेक प्रिंटर जोडताक्षणी चालतात. वायफायवर मोबाइलमधून थेट छापणारा कुठलाही नवा प्रिंटर सहसा त्रास देत नाही. पण आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानांत आणि लहान ऑफिसांत ठाण मांडून बसलेला कॅनन एलबीपी २९०० कॅप्ट नावाची स्वतःची भाषा बोलतो, आणि लिनक्सवर त्याला बोलतं करणं नवख्याचं काम नाही. तुमच्याकडे तोच असेल, तर ‘लिनक्सवर प्रिंटर चालत नाही’ हे मत तुमच्यापुरतं बरोबर आहे.

मराठीची कसोटी

इंग्रजीत लिहिलेल्या तुलनांमध्ये ही सापडणार नाही, म्हणून सावकाश करा. मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये लेआउटच्या यादीतून मराठी जोडा. इनस्क्रिप्टवर (देवनागरीच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीवर) हात बसलेला असेल तर सवय मोडावी लागत नाही. रोमन अक्षरांतून मराठी उमटवायची सवय असेल तर आयबस (टायपिंगची पद्धत बदलून देणारा प्रोग्रॅम) आणि त्याचं एम१७एन पॅकेज टाका. मात्र विंडोजमध्ये २०१९ पासून जो मराठी फोनेटिक कीबोर्ड अंगभूत मिळतो त्याच्यासारखे शब्द ते सुचवत नाही. नियमाने टाइप करावं लागतं, आणि पहिले दोन दिवस चिडचिड होते.

आता हे शब्द टाइप करा: दऱ्या, ऱ्हास, वाङ्मय, उद्ध्वस्त, ॲड., ऑक्टोबर. इनस्क्रिप्टवर ‘ऱ्या’साठी शिफ्टसह जे, मग डी, मग ‘य’ची कळ, मग काना. ‘ङ’ शिफ्टसह यूवर आहे. दिसायला सगळं बरोबर आलं तरी थांबू नका. विंडोजवर केलेली एखादी जुनी फाइल उघडून तीत ‘दऱ्या’ शोधा. शब्द डोळ्यांसमोर असून सापडत नसेल, तर कारण असं: चंद्रकोरीचा ‘ऱ्’ दोन रीतींनी साठवला जातो. एक नुक्त्याच्या ‘ऱ’पासून, दुसरी साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक घालून. ‘ॲ’चंही तसंच: एक अखंड अक्षर, दुसरं ‘अ’वर चंद्र ठेवलेलं. सिस्टिम बदलली की कीबोर्ड बदलतो, आणि त्याबरोबर ही साठवणही बदलू शकते. मतदारयाद्या, सभासदांची नावं, पुस्तकांच्या सूची सांभाळणाऱ्याने एकच रीत ठरवून जुन्या फाइलींत शोधा-आणि-बदला करून घ्यावं.

दुसरी कसोटी पानांची. वर्डमध्ये मंगल किंवा निर्मला फॉण्टमध्ये केलेला दोन पानी अर्ज लिबरऑफिसमध्ये (लिनक्सवरच्या मोफत ऑफिसमध्ये) उघडला तर तो तिसऱ्या पानावर सांडू शकतो, कारण ते फॉण्ट विंडोजचे आहेत, लिनक्सवर नसतात आणि त्यांच्या जागी दुसरा येतो. दोष लिबरऑफिसचा नाही. दोन्हीकडे मिळणारा मुक्त फॉण्ट धरा, नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता, आणि फाइलच्या गुणधर्मांत फॉण्ट एम्बेड करण्याचा पर्याय चालू ठेवा.

श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉण्टांतला मजकूर मात्र युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसतो. फॉण्ट नसेल तिथे तो रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. असा साठा असेल तर विंडोज हाताशी असतानाच तो युनिकोडमध्ये बदलून घ्या.

जिथे विंडोजच लागतं

टॅली प्राइम विंडोजसाठी बनलेली आहे. आयकराच्या मॅक्रोवाल्या एक्सेल फाइली लिबरऑफिसवर भरवशाच्या नाहीत. डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचं सॉफ्टवेअर काही कंपन्या लिनक्ससाठी देतात, पण सरकारी पोर्टलचं सही करणारं साधन तिथे चालेलच असं नाही. व्हॅलोरंटसारखे काही खेळ त्यांच्या अँटिचीटमुळे (लबाडी रोखणाऱ्या प्रोग्रॅममुळे) लिनक्सवर चालतच नाहीत. मराठी ३० किंवा ४० च्या टायपिंग परीक्षेची तयारी चालू असेल तर संस्थेचं सॉफ्टवेअर कशावर चालतं ते विचारा आणि घरी तेच ठेवा. यांतलं एकही काम रोजचं असेल, तर विंडोज काढू नका.

मॅकबद्दल थोडक्यात. यंत्र उत्तम, बॅटरी उत्तम, देवनागरी कीबोर्ड अंगभूत. पण जुना स्वस्त इंटेल मॅक घेऊ नका: मॅकओएस २६, म्हणजे टाहो, ही इंटेलवर चालणारी शेवटची आवृत्ती आहे. विंडोजवर वापरलेली एनटीएफएस हार्ड डिस्क मॅकला लावली तर फाइली वाचता येतात, लिहिता येत नाहीत. दोन्हीकडे चालवायची असेल तर ती रिकामी करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. वर सांगितलेली विंडोजची बहुतेक कामं मॅकवरही अडतात.

सात दिवस

यंत्राचे भाग पास झाले तर विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवा. आधी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप. मग विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून किमान ६० जीबी जागा मोकळी करा, आणि पॉवर ऑप्शनमध्ये फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या डिस्कवर लिहिता येत नाही. काही नव्या इंटेल लॅपटॉपवर इन्स्टॉलरला एसएसडीच दिसत नाही. बायोसमधलं व्हीएमडी किंवा आरएसटी हे डिस्कचं सेटिंग त्याचं कारण. ते घाईने बंद केलं तर विंडोज सुरू होत नाही, म्हणून तिथे जाणत्याला विचारून पुढे जा.

पहिल्या दिवशी टाइमशिफ्ट लावून ठेवा, म्हणजे काही बिघडलं तर आदल्या स्थितीला परतता येतं. मग आठवडाभर फक्त लिनक्समध्ये बूट करा आणि वहीत दोनच रकाने ठेवा: विंडोजमध्ये का परत जावं लागलं, आणि किती वेळा. ‘सवय नाही’ म्हणून गेलात तर ते मोजू नका. ‘काम झालंच नाही’ म्हणून गेलात तर मोजा.

या दिवसांत विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडलेलं दिसू शकतं. बिघाड नाही. लिनक्स बोर्डावरच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तिलाच भारतीय वेळ समजतं. टर्मिनलमध्ये इंग्रजी अक्षरांत ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ही आज्ञा द्या, सेटनंतर आणि लोकलनंतर आडवी रेघ, बाकी शब्दांमध्ये मोकळी जागा.

डेस्कटॉप असेल तर याहून निर्धोक वाट आहे. जुनी डिस्क तशीच राहू द्या, नवी एसएसडी घेऊन लिनक्स तिच्यावर टाका. इन्स्टॉल करताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा, कारण मिंटचा इन्स्टॉलर दोन डिस्क दिसल्या की बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) कधी कधी पहिल्या डिस्कवर टाकतो. इन्स्टॉल झालं, एकदा नीट सुरू झालं, की केबल पुन्हा लावा. हवं तेव्हा बूट मेनूतून विंडोज उघडता येतं, आणि लिनक्स नको झालं तर एसएसडी पुसून तिच्यावरच विंडोज घेता येतं.