मुघल वास्तूंची खासगी सहल: ताजमहाल शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवा

दिल्लीहून पहाटे निघायचं, दुपारी ताज, मग घाईघाईत किल्ला, वाटेत संगमरवराचं दुकान आणि रात्री परत. बहुतेक एकदिवसीय पॅकेजं अशीच असतात. त्यात ताजचा फोटो मिळतो, पण ताज कुठून आला हे कळत नाही. स्वतंत्र गाडी आणि स्वतंत्र गाइड यांसाठी पैसे मोजत असाल, तर त्यातून मिळणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे क्रम ठरवण्याची मोकळीक. ती वापरायची असेल तर किमान दोन रात्री आग्र्यात काढाव्या लागतात.

आधी वार, मग तारीख

ताजमहाल शुक्रवारी पर्यटकांसाठी बंद असतो. दिल्लीचा लाल किल्ला सोमवारी बंद असतो, आणि १५ ऑगस्टच्या तयारीसाठी त्याआधीचे काही दिवसही. निजामुद्दीनहून आग्र्याला जाणारी गतिमान एक्स्प्रेसही शुक्रवारी धावत नाही. हुमायूनची कबर, आग्र्याचा किल्ला आणि फतेहपूर सिक्री यांना मात्र साप्ताहिक सुट्टी नाही. शनिवार-रविवारी ताजच्या रांगा सगळ्यात लांब असतात. म्हणून रविवार, सोमवार किंवा मंगळवारी दिल्लीतून सुरुवात करा. ताजची पहाट मग मंगळवार, बुधवार किंवा गुरुवारी येते. महाराष्ट्रातून थेट आग्र्याला यायचं तर पंजाब मेल, गोवा एक्स्प्रेस, झेलम एक्स्प्रेस या गाड्या आग्रा कँटला थांबतात. पण शक्य असेल तर दिल्लीला उतरा. कारण पुढे येतंच.

डिसेंबरची अखेर आणि जानेवारी या काळात धुक्याचा हिशेब धरावाच लागतो. दाट धुक्यात उद्यानातून ताज अक्षरशः दिसत नाही, आणि यमुना एक्स्प्रेसवेवर पहाटे गाडी चालवणं धोक्याचं असतं. त्या दिवसांत शेवटच्या दिवशी परतीची गाडी संध्याकाळची ठेवा, म्हणजे गरज पडल्यास ताज दुपारी बघता येईल. तिकीट काढल्यावर धुक्यामुळे काही दिसलं नाही म्हणून पैसे परत मिळत नाहीत. एप्रिल ते जूनमध्ये उलट अडचण असते. सकाळी दहानंतर लाल दगड तापतो आणि लहान मुलं, वयस्कर माणसं थकतात. म्हणून सगळं काही सूर्योदय ते दहा आणि चार ते सूर्यास्त यांतच बसवा.

गाइड ठरवताना

परवानाधारक गाइडकडे पर्यटन मंत्रालयाचं किंवा राज्याच्या पर्यटन विभागाचं फोटो असलेलं ओळखपत्र असतं. भेटण्याआधी त्याचा फोटो मागवा, वैधतेची तारीख बघा आणि प्रत्यक्ष येणारा माणूस तोच आहे का ते पाहा. ठरवलेला गाइड ऐनवेळी ‘आजारी’ पडून त्याच्या जागी दुसराच येणं हा नेहमीचा प्रकार आहे. ड्रायव्हर म्हणजे गाइड नव्हे. तो कितीही छान बोलत असला तरी त्याला वास्तूच्या आत गाइड म्हणून काम करता येत नाही.

मानधन साधारणपणे अर्धा दिवस, म्हणजे चार तास, किंवा पूर्ण दिवस, म्हणजे आठ तास, या हिशेबानं आणि माणसांच्या संख्येनुसार ठरतं. तास कधीपासून मोजायचे ते आधी विचारा: हॉटेलपासून की वास्तूच्या दारापासून? पहाटे ताजला जायचं तर हा पाऊण तासाचा फरक पडतो. मराठी बोलणारा गाइड आग्र्यात क्वचितच मिळतो, आणि आपल्याला त्याची गरजही नाही. हिंदीत उत्तम सांगणारा निवडा. परदेशी भाषेच्या गाइडसाठी जास्त मानधन पडतं, ते आपल्याला लागू नाही.

माणूस कसा आहे हे फोनवर दोन-तीन प्रश्नांत कळतं. ताज बांधणाऱ्या कारागिरांचे हात तोडले का, असं विचारा. यमुनेपलीकडे काळा ताज होणार होता का, असंही विचारा. जो ठामपणे ‘हो’ म्हणतो तो दिवसभर तुम्हाला दंतकथाच ऐकवेल. जो म्हणतो, ‘लोग कहते हैं, सबूत नहीं है’, त्याला पक्का करा. आपल्यासाठी आणखी एक खास प्रश्न आहे: शिवाजी महाराजांना किल्ल्यात कुठे कोंडलं होतं? एखादी कोठडी दाखवून श्रोत्यांना गहिवर आणणारे असतात. पण १२ मे १६६६ च्या दरबारानंतर महाराज किल्ल्यातल्या कोठडीत नव्हते. रामसिंगाच्या मुक्कामाजवळ त्यांच्यावर पहारा बसवला होता, आणि ऑगस्टमध्ये ते तिथूनच निसटले. हे नीट सांगणारा गाइड मिळाला तर तो बाकीचंही नीट सांगेल.

सगळं बोलणं व्हॉट्सॲपवर लेखी ठेवा. गाडी कोणती, टोल, पार्किंग, राज्याचा प्रवेश कर आणि ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता दरात आहे की वेगळा, गाइडचे तास किती, तिकिटं कोण काढणार, हे सगळं त्यात यायला हवं. चार माणसं सामानासह सेडानमध्ये तीन दिवस अवघडून जातात, त्यांनी मोठी गाडी घ्यावी. आणि एक ओळ नक्की लिहा: ‘दुकान पर नहीं जाना है, एम्पोरियम भी नहीं, कारख़ाना दिखाने भी नहीं.’ शेवटचे शब्द महत्त्वाचे. ‘फक्त कारागीर काम कसं करतात ते बघा’ म्हणत जिथे नेतात तेही दुकानच असतं, आणि तिथल्या विक्रीवर गाइड व ड्रायव्हर दोघांनाही कमिशन मिळतं. ते कमिशन किमतीत धरलेलंच असतं, आणि तुमचा एक तास जातो तो वेगळाच. अगदी घ्यायचंच असेल तर एवढं लक्षात ठेवा की संगमरवर म्हणून बऱ्याचदा मऊ शंखजिरं विकतात. मागून टॉर्च लावून ‘बघा, उजेड आरपार जातो’ असं दाखवतात, पण शंखजिऱ्यातूनही उजेड जातो. खालच्या बाजूला किल्लीनं ओरखडा काढून बघू द्या म्हणा. शंखजिऱ्यावर चरा सहज उमटतो.

पहिला दिवस: हुमायूनपासून नूरजहाँपर्यंत

दिल्लीत सूर्योदयाला हुमायूनच्या कबरीपाशी पोचा आणि दोन तास द्या. हुमायूनची विधवा हाजी बेगम हिच्या पुढाकारानं साधारण १५६५ ते १५७२ या काळात बांधलेली ही वास्तू ताजची पणजी म्हणावी अशी आहे. चार भागांचं चारबाग उद्यान, मधे उंच चौथऱ्यावर कबर, वर दुहेरी घुमट. इथे गाइडला एकच काम सांगा: ‘यातलं काय ताजमध्ये पुन्हा दिसेल आणि काय बदलेल ते दाखवा.’ सगळ्यात मोठा बदल हा की इथे कबर बागेच्या मध्यभागी आहे. ताज बागेच्या टोकाला, नदीकाठी आहे. १८५७ मध्ये शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर याच आवारात इंग्रजांच्या हाती लागला. राजवंशाचा दुसरा बादशहा आणि शेवटचा, दोघांच्या गोष्टी एकाच जागी येतात, म्हणून सुरुवात इथूनच बरी वाटते.

दहाच्या सुमारास निघालात तर यमुना एक्स्प्रेसवेनं, वाटेत जेवून, दोन-अडीचला आग्रा. एक्स्प्रेसवे नदीच्या ज्या बाजूला उतरवतो त्याच काठावर जहांगीरची बेगम नूरजहाँ हिचे वडील इतमाद-उद-दौला यांची कबर आणि मेहताब बाग आहे. पूल ओलांडून हॉटेल, आणि पुन्हा पूल ओलांडून परत, असा वेळ घालवू नका. सामान गाडीतच राहू द्या आणि आग्र्याच्या गाइडला इथेच बोलवा.

इतमाद-उद-दौला लोक वगळतात, आणि हीच सगळ्यात मोठी चूक. नूरजहाँनं १६२२ ते १६२८ या काळात आपल्या आईवडिलांसाठी बांधलेली ही छोटी कबर बाहेरून पूर्ण संगमरवरी आहे. बाहेरच्या भिंतीपाशी हातभर अंतरावर उभे राहा. सुरया, फुलदाण्या, सुरूची झाडं, डाळिंबं दिसतील. ती रंगवलेली नाहीत, रंगीत दगडाचे तुकडे कापून पांढऱ्या दगडात बसवलेत. काही ठिकाणी तुकडे निखळलेत आणि रिकामी खोबण उरली आहे. ती खोबणच काम कसं केलं ते सांगते: आकार आधी कोरला आणि मग नेमका तेवढाच दगड घासून बसवला. आत गेल्यावर कबरी कुठे आहेत ते बघा. आधी वारलेल्या आईची कबर बरोबर मध्यभागी, वडिलांची तिच्या शेजारी. हे डोक्यात ठेवा, परवा लागेल.

सूर्यास्ताआधी तासभर मेहताब बागेत पोचा. समोर नदी आणि पलीकडे ताजची मागची बाजू. १९९० च्या दशकातल्या उत्खननात इथे अष्टकोनी तलाव आणि कारंज्यांचे अवशेष मिळाले. म्हणजे काळा ताज नव्हे, तर ताजच्याच आराखड्याचा नदीपलीकडचा भाग. ही बाग धरली तर ताज टोकाला राहत नाही, दोन बागांच्या मधे येतो.

दुसरा दिवस

फतेहपूर सिक्री आग्र्याहून सुमारे ३७ किलोमीटरवर आहे. सकाळी आठपर्यंत पोचा. खासगी गाडी खालच्या पार्किंगपर्यंतच जाते, पुढे बस. पार्किंगमध्येच ‘मी दर्ग्याचा माणूस, फुकट दाखवतो’ म्हणणारे गाठतात. तुमचा गाइड आग्र्याहून गाडीतच बरोबर असेल तर हा त्रास निम्मा होतो. दिवाण-ए-आमच्या बाजूनं शिरा: तिकीट लागतं ते इथे, राजवाड्याच्या भागासाठी. दिवाण-ए-खासचा मधला नक्षीदार खांब, अनूप तलाव, पाच मजली पंचमहाल, जोधाबाई महाल असं बघत मग मशिदीच्या चौकात या. सूफी संत सलीम चिश्तींची कबर आणि बुलंद दरवाजा इथे आहे, आणि या भागाला तिकीट नाही. चौकात चप्पल काढावी लागते. मार्च ते ऑक्टोबर जाड मोजे बरोबर ठेवा, फरशी पोळते. चादर आणि धागे विकणाऱ्यांना ‘नको’ एकदाच आणि चालता चालता म्हणा.

दुपारी विश्रांती घेऊन सिकंदऱ्याला अकबराची कबर बघा. १६१३ मध्ये जहांगीरनं ती पूर्ण केली. दरवाजासमोर थांबून वर बघा: चार कोपऱ्यांवर चार पांढरे मिनार. ताजच्या मिनारांची कल्पना आधी कुठे आली ते विचारायची गरजच पडत नाही.

तिसरा दिवस: ताज

तिकीट आदल्या रात्री पुरातत्त्व खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून काढा. भारतीयांना ५० रुपये, आणि मुख्य कबरीच्या चौथऱ्यावर जाण्यासाठी आणखी २०० रुपये. दुसरं तिकीट विसरलात तर एवढ्या लांबून येऊन खालूनच परत फिरावं लागतं. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. आत तीन तासच थांबता येतं. खाण्याचे पदार्थ, तंबाखू, लायटर, चार्जर, हेडफोन, ट्रायपॉड, चाकू काहीही नेऊ नका. तपासणीत एक जण अडकला की सगळे बाहेर ताटकळतात. मोबाइल, कॅमेरा, पाणी आणि छोटी पर्स एवढंच घ्या. पेट्रोल-डिझेलच्या गाड्या दारापर्यंत सोडत नाहीत. पूर्व दरवाजासाठी शिल्पग्रामच्या पार्किंगमधून बॅटरीवरची गाडी मिळते. स्त्री-पुरुषांच्या रांगा वेगळ्या असतात, तेव्हा आत कुठे भेटायचं ते आधीच ठरवा. दरवाजा सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उघडतो, त्याच्याही वीस मिनिटं आधी रांगेत असा.

मोठ्या लाल दरवाजाच्या कमानीतून ताज दिसू लागला की दोन पावलं पुढे जा, दोन मागे या. पुढे सरकलं की कमान रुंदावते आणि ताज लहान होतो, मागे सरकलं की तो मोठा होतो. त्या दरवाजावर छोटे घुमट ११-११ च्या दोन ओळींत आहेत. ‘बावीस घुमट म्हणजे बावीस वर्षं’ असं ऐकाल. ऐका आणि सोडून द्या.

गाइडला आत बोलायला लावू नका. मुख्य घुमटाखाली आवाज घुमतो आणि एक शब्द कळत नाही. कबरीची माहिती चौथऱ्यावर चढण्याआधीच सांगून घ्या. फोटोंसाठी उद्यानात दहा मिनिटं, मग बुटांवर कापडी मोजे चढवून सरळ वर. आठनंतर वरची रांग वाढते. आत फोटो काढायला बंदी आहे. मध्यभागी मुमताजची कबर, शेजारी पश्चिमेला शहाजहानची, आणि तीच काय ती सममितीबाहेरची गोष्ट. गाइड म्हणेल, ‘त्याला इथे पुरायचं नव्हतं.’ परवा नूरजहाँच्या आईवडिलांची हीच मांडणी पाहिली आहे, ती त्याला आठवून द्या.

बाहेर आल्यावर पूर्वेकडच्या जवाब इमारतीपाशी, म्हणजे पश्चिमेच्या मशिदीला जोड म्हणून बांधलेल्या इमारतीपाशी, जा. सकाळचं ऊन ताजच्या पूर्वेच्या भिंतीवर असतं आणि सूर्य तुमच्या पाठीशी. कमानींवरची काळी अक्षरं वर जाताना मोठी होत जातात, म्हणून खालून सगळी सारखी वाटतात. संभाजीनगरचा बीबी का मकबरा पाहिला असेल तर इथे कबर आणि मिनार यांच्यात किती मोकळी जागा सोडली आहे ते पाहा. तिथे मिनार कबरीला अगदी खेटून उभे आहेत.

नाश्ता करून किल्ला. शिरायचं अमरसिंग दरवाजातून. दिल्ली दरवाजा आणि बराच भाग लष्कराकडे आहे. दीड तास पुरतो. दिवाण-ए-आम, जहांगिरी महाल, दिवाण-ए-खास आणि सगळ्यात शेवटी मुसम्मन बुरूज. १६५८ पासून जानेवारी १६६६ मधल्या मृत्यूपर्यंत शहाजहान इथे कैदेत होता. नदीच्या वळणापलीकडे तुम्ही सकाळी सोडलेला ताज दिसतो. शहाजहान गेल्यानंतर चारच महिन्यांनी शिवाजी महाराज याच किल्ल्यात दरबाराला आले. बाहेर पडताना अमरसिंग दरवाजासमोर त्यांचा अश्वारूढ पुतळा आहे. गाइडचे तास इथेच संपवा, मानधन आणि बक्षिशी त्याच्या हातात द्या, ड्रायव्हरकडे नाही.