दोन दीर्घिका चिकटून दिसल्या म्हणजे टक्कर नव्हे! घरबसल्या दीर्घिका ओळखताना या चुका टाळा

जूनमध्ये एकदा ढग खाली उतरले की कास-यवतेश्वरच्या बाजूला सप्टेंबरअखेरपर्यंत तारा दिसायची आशा सोडावी लागते. दुर्बीण कोरडी करून, सिलिका जेलच्या पुड्या टाकून पेटीत जाते आणि आमच्या साताऱ्या-सांगलीकडची हौशी मंडळी ‘गॅलेक्सी झू’ या ऑनलाइन प्रकल्पाकडे वळतात. चांगलंच आहे. 2007च्या जुलैमध्ये हा प्रकल्प सुरू झाला तेव्हा स्लोन या आकाश-सर्वेक्षणाच्या फोटोंमधल्या जवळपास 9 लाख दीर्घिकांचे (गॅलेक्सी, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचे समूह) आकार ओळखायचे होते. पहिल्याच वर्षात दीड लाखाहून अधिक लोकांनी मिळून 5 कोटींवर उत्तरं दिली. गणित लागत नाही, पदवी कुणी विचारत नाही. फोटो बघायचा आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं.

सोपं आहे म्हणून लोक ते घाईत उरकतात. दर पावसाळ्यात नवी पोरं येतात आणि दर पावसाळ्यात त्याच चुका होतात. तुमची उत्तरं नुसती मोजून बाजूला ठेवली जात नाहीत. ‘झूबॉट’ नावाची संगणक प्रणाली स्वयंसेवकांच्या उत्तरांवरच शिकवली आहे, आणि युरोपच्या युक्लिड अवकाश दुर्बिणीच्या फोटोंसाठीही 2024पासून तेच चाललंय. तुम्ही चुकीचं शिकवलंत तर यंत्रही तेच शिकणार.

जवळ दिसलं की विलीनीकरण

विलीनीकरण म्हणजे दोन दीर्घिका आदळून एक होणं. नुसत्या जवळ दिसल्या की तसं समजणं ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून हिच्यावर जरा सविस्तर लिहितो.

आमच्या गटातल्या कऱ्हाडच्या एका मुलाचा रात्री उशिरा मेसेज आला, “काका, विलीनीकरण सापडलं! एकदम भारी!” सोबत फोटो. निळसर सर्पिल दीर्घिका (गाभ्याभोवती वळत गेलेल्या भुजांची), तिच्या एका भुजेवर बसलेला नारिंगी गोल गोळा. दिसायला खरंच देखणा. सकाळपर्यंत तो फोटो तीन ग्रुपवर फिरला होता आणि खाली अभिनंदनांची रांग लागली होती.

मी त्याला एकच विचारलं, “शेपटी कुठाय?”

दोन दीर्घिका एकमेकींजवळून जातात तेव्हा त्यांचं गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं लागत नाही. जवळच्या बाजूला जास्त ओढ, लांबच्या बाजूला कमी. चंद्रामुळे समुद्राला भरती येते तोच हा परिणाम. त्याने तारे आणि वायू ओढले जाऊन लांब शेपट्या तयार होतात, दोघींमध्ये पूल दिसतात. तूम्रे या शास्त्रज्ञ बंधूंनी 1972 साली संगणकावर हे करून दाखवलं. हस्त नक्षत्रातल्या अँटेना दीर्घिकांच्या, म्हणजे एनजीसी 4038 आणि 4039 यांच्या, दोन लांब मिशा त्यातूनच समजल्या. खरी झटापट चालू असेल तर काहीतरी मोडलेलं दिसतंच. भुजा एका बाजूला ताणलेली असते, गाभा मधोमध नसतो, कडेला फिकट पसारा असतो, कवचासारखे थर असतात.

त्या पोराच्या फोटोत यातलं काहीच नव्हतं. सर्पिल दीर्घिका नीटनेटकी होती, नारिंगी गोळाही गुळगुळीत होता. मग आम्ही स्लोनच्या संकेतस्थळावर दोघींची ताम्रसृती (रेडशिफ्ट) काढली. दीर्घिकेचा प्रकाश लाल रंगाकडे किती सरकलाय याचा हा आकडा, जितका जास्त तितकी दीर्घिका दूर. सर्पिलची 0.03, गोळ्याची 0.11. म्हणजे एकीचा प्रकाश साधारण 40 कोटी वर्षांपूर्वी निघालेला आणि दुसरीचा 140 कोटी वर्षांपूर्वी. दोघींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. आपल्या दृष्टिरेषेत एकामागे एक आल्या, एवढंच. वासुकी तारकासमूहातली एनजीसी 3314 ही अशीच प्रसिद्ध जोडी आहे. हबल अवकाश दुर्बिणीच्या फोटोत ती एकमेकींत घुसलेली दिसते, प्रत्यक्षात एक दीर्घिका दुसरीच्या कितीतरी मागे आहे.

पोरगा हिरमुसला. त्याला सांगितलं ते इथेही सांगतो. अशी जोडी फुकट जात नाही. मागच्या दीर्घिकेचा उजेड पुढच्या दीर्घिकेतल्या धुळीतून गाळून येतो, त्यावरून ती धूळ मोजता येते. स्वयंसेवकांनी शोधलेल्या अशा जवळपास 2 हजार जोड्यांची यादी शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केली आहे. पण ती जोडी ‘विलीनीकरण’ म्हणून नोंदवलीत, तर ना इकडे उपयोग ना तिकडे.

एक अडचण माहीत असू द्या. दरवेळी दोघींची ताम्रसृती मिळत नाही. ताम्रसृती वर्णपटावरून, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून, काढतात. स्लोनच्या यंत्रात वर्णपटासाठी प्रकाशतंतू लावताना दोन तंतू 55 विकलांपेक्षा (एक विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) जवळ बसत नसत. त्यामुळे अगदी चिकटलेल्या जोड्यांत बऱ्याच वेळा एकीचाच वर्णपट असतो. आमच्या त्या जोडीत दोन्ही मिळाले, हे नशीब.

माझी सवय अशी की आधी उत्तर द्यायचं, मग आकडे बघायचे. उलटं केलं की डोळे आकड्याच्या मागे धावतात. आणि हल्ली प्रश्नही फक्त ‘होय की नाही’ असा नसतो. विलीनीकरण, मोठी विस्कळीतता, किरकोळ विस्कळीतता, काहीच नाही, असे पर्याय असतात. मधले दोन पर्याय वापरायला शिका. नवखे लोक थेट पहिल्यावर बोट ठेवतात, कारण त्यांना काहीतरी सापडायला हवं असतं.

रंगावरून आकार ठरवणं

यूट्यूबवर कुणीतरी सांगून ठेवलंय, “निळी दिसली की सर्पिल, लाल दिसली की लंबवर्तुळाकार.” असले शॉर्टकट मला मुळीच खपत नाहीत. बहुतेकदा तसं असतं हे खरं. पण याच प्रकल्पातून लाल सर्पिल दीर्घिका सापडल्या, निळ्या लंबवर्तुळाकारही सापडल्या, आणि त्यांच्यावर वेगळे शोधनिबंध झाले. स्वयंसेवकांनी रंग बघून उत्तरं दिली असती तर त्या कायमच्या दडून राहिल्या असत्या. रंग यंत्राला मोजता येतो. तुम्हाला आकार विचारलाय, आकारच सांगा.

सगळ्यांनी मिळून एकच उत्तर देणं

ही माझी दुसरी दुखरी नस.

सांगलीत एका महाविद्यालयात विज्ञान मंडळाने मोठ्या उत्साहाने सत्र ठेवलं होतं. सभागृह भरलेलं, पडद्यावर प्रोजेक्टरने फोटो, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. फोटो आला की पुढच्या बाकावरचे सर म्हणायचे, “सर्पिल,” की सगळी बोटं सर्पिलवर. खिडक्यांतून उजेड येत होता, पडदा राखाडी पडला होता, त्यात काय दिसणार? मागून एक मुलगी म्हणाली, “सर, मला नुसता गोळा दिसतोय.” तिला सांगण्यात आलं, “नीट बघ.”

तीच नीट बघत होती. फोटो पाच पिक्सेलच्या पुंजक्यासारखा धूसर होता आणि भुजा दिसण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

या प्रकल्पात एकेका दीर्घिकेला चाळीसेक वेगवेगळे लोक बघतात, ते उगाच नाही. पंचवीस जण सर्पिल म्हणाले आणि पंधरा जण गुळगुळीत म्हणाले, तर तो वादच शास्त्रज्ञांना हवा असतो. दीर्घिका किती स्पष्ट आहे हे त्यावरून कळतं. दूरच्या दीर्घिकेत बारकावे पुसले जातात, त्याची दुरुस्ती पुढे आकडेमोडीत केली जाते. तुम्ही अंदाजाने भुजा कल्पून द्यायच्या नाहीत. सभागृहात चाळीस जणांनी सरांचं उत्तर दाबलं, तर ते एकट्या सरांचं मत चाळीसदा मोजलं गेलं.

गटाने बसायचं तर खुशाल बसा, पण प्रत्येकाने आपल्या स्क्रीनवर, आपलं उत्तर, तोंड मिटून. चर्चा बटण दाबल्यावर. आमच्याकडे हा नियम मोडणाऱ्याला मी त्या दिवशी परत बसू देत नाही. कडक वाटेल, पण पर्याय नाही.

डोळ्यांवर फार भरवसा ठेवणं

सुरुवातीच्या काळात सर्पिल कुठल्या दिशेने फिरतात हे विचारलं होतं. उत्तरांत घड्याळाच्या उलट दिशेने फिरणाऱ्या जास्त निघाल्या. शास्त्रज्ञांनी मग काही फोटो आरशातल्यासारखे उलटे करून दाखवले. तरीही लोकांनी उलट दिशाच जास्त सांगितली! विश्वात तसं काही नव्हतं, माणसाच्या नजरेचाच कल तो. दमलेली नजर तर आणखी फसवते. मी एका बैठकीत अर्ध्या तासाहून जास्त बसत नाही. रात्रभर जागून आकडा वाढवणाऱ्यांचं मला कौतुक नाही.

मोबाइलची सेटिंग न बघणं

रात्री आपोआप लागणारा पिवळा मोड बंद करा आणि ब्राइटनेस वाढवा. फिकट शेपटी काळ्या पार्श्वभूमीत जेमतेम उठून दिसते, मंद स्क्रीनवर ती नाहीशीच होते. खोलीतली ट्यूबलाइट बंद करा. काचेवरचे बोटांचे ठसेही पुसा, कारण तेलकट ठशाला दीर्घिकेभोवतीचं फिकट प्रभामंडल समजलेले लोक मी पाहिलेत.

आणखी काही, थोडक्यात

टोकदार किरण फुटलेला ठिपका हा बहुतेकदा आपल्याच आकाशगंगेतला तारा असतो. त्याला दुसरा गाभा समजू नका. हबलच्या फोटोत असे चार किरण दिसतात, वेब अवकाश दुर्बिणीच्या फोटोत सहा ठळक.

फोटोभर सरळ रेघ गेली असेल तर तो बहुधा उपग्रह. त्यासाठी वेगळा पर्याय असतो.

कडेने दिसणारी चकती आणि लांबट लंबवर्तुळ यात गोंधळ होतो. मधोमध धुळीची काळी रेघ किंवा टोकांकडे निमुळती धार दिसली तर चकती.

विचित्र काही दिसलं तर “माझंच चुकलं असेल” म्हणून पुढे जाऊ नका. हॅनी व्हॅन आर्केल या डच शाळाशिक्षिकेला 2007 मध्ये लघुसिंह तारकासमूहातल्या आयसी 2497 जवळ एक निळा डाग दिसला आणि तिने “हे काय आहे?” एवढंच विचारलं. तो प्रचंड वायूचा ढग निघाला, शेजारच्या दीर्घिकेच्या गाभ्यातून पूर्वी आलेल्या प्रकाशझोताने उजळलेला. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे द्या, आणि मग चर्चेच्या पानावर नोंद टाका.

ढग ओसरले की एप्रिलमध्ये सप्तर्षींतल्या मरीची ताऱ्याजवळची एम 51 ही दीर्घिकांची जोडी दुर्बिणीतून स्वतः बघा. सहा इंची दुर्बिणीतून अंधाऱ्या ठिकाणी शेजारी शेजारी दोन धूसर पुंजके दिसतील, मोठा आणि छोटा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास द्या, मोबाइल खिशात ठेवा आणि नजर जरा तिरकी ठेवा. फोटोतल्या रंगांची अपेक्षा करून गेलात तर पाच मिनिटांत कंटाळाल.

आणि सर्वेक्षण बदललं की सुरुवातीचं ट्युटोरियल पुन्हा वाचा, जुने असाल तरी. स्लोन, हबल, वेब, युक्लिड, प्रत्येकाचे फोटो वेगळ्या रीतीने रंगवलेले आणि ताणलेले असतात. स्लोनमध्ये जो गुळगुळीत गोळा दिसायचा, त्यालाच हबलमध्ये भुजा फुटलेल्या दिसू शकतात.