दालचिनीची गुटी : मृगात बांधा, गणपतीत मुळं बघा

आमच्या घरात तमालपत्र विकत येत नाही. परसात दालचिनीचं झाड आहे, त्याचीच दोन पानं मसालेभातात नाहीतर मटणाच्या रश्शात पडतात. बाजारातलं तमालपत्र हिमालयाकडच्या झाडाचं, पण ते नि दालचिनी एकाच कुळातले, दोघांच्याही पानावर देठापासून निघालेल्या तीन ठसठशीत शिरा दिसतात. आता आल्यागेल्याने हे पान चुरगळून वास घेतला की रोप मागतोच, म्हणून गुटी, म्हणजे झाडावरच्याच फांदीला मुळं फोडून तिचं रोप करायची रीत, कशी बांधायची ते एकदा नीट लिहून ठेवतेय.

बियांपासून रोप होतं, नाही असं नाही, पण बी पिकल्यावर थोड्या दिवसांतच रुजवावं लागतं, वाळलं की गेलं, शिवाय बुलबुल आपल्याआधी हजर असतात. आणि एवढं करून त्या रोपाच्या सालीला नि पानाला आईसारखा वास येईलच याची खात्री नाही. गुटीत आईचाच गुण उतरतो. म्हणून आधी झाड निवडा, चार घरची पानं चुरगळून बघा, ज्याच्या पानाचा वास हाताला बराच वेळ राहतो ते झाड घ्या. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण तेज ही जात कोणाकडे असेल तर उत्तमच.

वेळ म्हणजे मृगाचा पाऊस चांगला लागला की. तेव्हा झाडात रस असतो, साल सहज सुटते आणि हवेतच एवढी ओल असते की पाणी घालायची कटकट नाही. मे महिन्यात बांधू नका, गोळा आतून सुकतो.

फांदी पेन्सिलीएवढी जाड, सरळ, अगदी कोवळी हिरवी नाही आणि जुनी खरखरीतही नाही. शेंड्यापासून दीड-दोन फूट मागे एका डोळ्याच्या (पान-फांदी फुटते त्या जागेच्या) खालीच धारदार सुरीने गोल चीर द्या, तिच्या खाली एक ते सव्वा इंचावर दुसरी, मग दोन्ही जोडणारी उभी चीर, आणि अंगठीसारखी साल सोलून काढा. हाताला दालचिनीचा वास येतो तो दुपारपर्यंत जात नाही!

आता सगळ्यात महत्त्वाचं. साल निघाल्यावर आतलं लाकूड बुळबुळीत लागतं, तो बुळबुळीत थर सुरीच्या पाठीने खरवडून काढायचाच, लाकूड कोरडं खरखरीत लागेपर्यंत. पहिल्या वर्षी मी आठ गुट्या बांधल्या आणि हे केलंच नाही, दोन महिन्यांनी सोडून बघते तर पाच फांद्यांवर साल परत वरून खाली जुळलेली, मुळाचा पत्ता नाही. त्याचं असं आहे की पाणी आतल्या लाकडातून वर चढत राहतं म्हणून फांदी हिरवी राहते, पण पानांनी केलेलं अन्न सालीतून खाली उतरतं, ती वाट तोडली की ते वरच्या काठाशी साठतं आणि तिथेच गाठ येऊन मुळं फुटतात. साल परत जुळली म्हणजे वाट मोकळी झाली, मग झाड मुळं कशाला काढेल? मूळ वरच्या काठातून येतं, म्हणून मुळ्या फुटायची पावडर लावायची असेल तर तिथेच लावा, सगळीकडे फासायची गरज नाही.

मग भिजवलेलं शेवाळ, जे कृषी सेवा केंद्रात मिळतं, नाहीतर नारळाच्या सोडणाचा कुजलेला भुसा दोन-तीन पाण्यातून धुऊन घ्या. मुठीत दाबल्यावर चार थेंब पडावेत, धार लागू नये. कापलेला भाग मध्ये येईल असा मुठीएवढा गोळा घट्ट बसवा, वरून पारदर्शक प्लास्टिक गुंडाळा आणि दोन्ही टोकं सुतळीने बांधा. आपल्याकडे पाऊस फांदीवरून ओघळत येतो आणि वरच्या टोकातून आत शिरतो, गोळा चिखल होऊन कुजतो, म्हणून वरचं टोक जास्त आवळून बांधा. ऊन येत असेल तर वर कागद गुंडाळा.

गणपतीच्या आसपास प्लास्टिकला आतून टेकलेली पांढरी मुळं दिसायला लागतात. तेव्हा हात शिवशिवतात पण थांबा. पांढरं मूळ फार नाजूक, गोळा हलला तरी तुटतं. ती तपकिरी होऊन त्यांना फाटे फुटले की गोळ्याच्या खाली फांदी अर्धी कापून ठेवा आणि आठ-दहा दिवसांनी पूर्ण. पानं अर्धी कमी करा, प्लास्टिक काढा, शेवाळ मात्र सोडवत बसू नका, तसंच पिशवीत लावा. पिशवीत जांभ्याची माती, शेणखत नि थोडी वाळू.

माझी रोपं गेली ती बहुतेक इथेच. पाऊस थांबतो, ऑक्टोबरचं ऊन तापतं आणि एवढ्याशा मुळांना पानं पोसवत नाहीत. आंब्याखाली दाट सावलीत ठेवा, रोज पानांवर पाणी शिंपडा. नवी पालवी लालसर गुलाबी येते, तेवढ्यावर खूश होऊन उन्हात काढू नका, ती आधीच्या साठ्यावरही फुटते. ती पानं हिरवी, जाड झाली की मग हळूहळू उजेडात. जमिनीत पुढच्या पावसाळ्यातच लावा, चार नारळांच्या मधोमध जागा छान. गुटीला सोटमूळ नसतं म्हणून पहिली दोन वर्षं काठीचा आधार द्या, वारा आडवं करतो.

कढीपत्त्याला एवढा खटाटोप नको, त्याच्या मुळांवरून आजूबाजूला पिल्लं येतात, ती पावसात मुळासकट खणून लावा. जायफळाला मात्र गुटीपेक्षा मादी झाडाची काडी घेऊन केलेलं कलमच आणा, कारण त्यात नर-मादी झाडं वेगळी असतात आणि बियांच्या रोपाचं ते कळायला वर्षानुवर्षं वाट बघावी लागते.