विमानप्रवासाची बॅग भरताना: काय नेऊ नये, आणि कुठल्या बॅगेत नेऊ नये

सिक्युरिटी चेकपाशी बॅग उघडून उभा राहिलेला माणूस दिसला की मला वाईट वाटतं. बहुतेक वेळा त्याने काही लपवलेलं नसतं. घाईघाईत भरलेल्या बॅगेच्या तळाशी जुनी कात्री राहिलेली असते, किंवा चेक-इन केलेल्या सुटकेसमध्ये पॉवर बँक निघाल्यामुळे त्याला नाव पुकारून परत बोलावलेलं असतं. मागे रांग खोळंबलेली, विमानाची वेळ जवळ आलेली, आणि चांगली वस्तू डब्यात टाकून द्यायची पाळी. हे सगळं घरी अर्धा तास काढला तर टळतं.

बंदी असलेल्या वस्तूंच्या याद्या लांबलचक असतात आणि त्या कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. वस्तू का नको हे एकदा कळलं, की यादीत नसलेल्या वस्तूबद्दलही आपला अंदाज सहसा बरोबर येतो. म्हणून इथे नियमांसोबत त्यांची कारणंही सांगतो आहे.

आधी बॅग पूर्ण रिकामी करा

मागच्या प्रवासाच्या बॅगेत नवं सामान भरू नका. सगळे कप्पे उघडा, बॅग उलटी करून झटका, अस्तराच्या आत हात घालून बघा. काडेपेटी, खिशातला चाकू, स्क्रू ड्रायव्हर, शिकारीला किंवा नेमबाजीला वापरलेल्या बॅगेत राहिलेलं एखादं काडतूस अशाच जागी दडून बसतं. काडतुसाच्या बाबतीत "विसरून राहिलं" हे उत्तर अनेक देशांत पुरत नाही, थेट पोलीस चौकशी होते. जॅकेटचे खिसेही विसरू नका.

मग सगळं सामान पलंगावर मांडा आणि त्याचे तीन ढीग करा: हातातल्या बॅगेचं, चेक-इन बॅगेचं आणि घरीच राहणारं.

दोन बॅगांचा हिशेब वेगळा

केबिनमध्ये भीती असते ती माणसाची. कुणी एखाद्या वस्तूने दुसऱ्याला इजा करू शकेल का, हे तिथे पाहतात. म्हणून धारदार आणि जड हत्यारं केबिनमध्ये चालत नाहीत, चेक-इनमध्ये चालतात.

विमानाच्या पोटातल्या सामानकक्षात भीती असते ती आगीची, कारण उडत्या विमानात तिथे कुणी पोचू शकत नाही. मोठ्या प्रवासी विमानांच्या सामानकक्षात धूर ओळखणारी आणि आग दाबणारा वायू सोडणारी यंत्रणा असते. पण लिथियम बॅटरी एकदा आतून तापायला लागली की ती स्वतःच उष्णता तयार करत राहते आणि शेजारच्या सेललाही पेटवते. वायूने ज्वाळा दबतात, आतली उष्णता दबत नाही. केबिनमध्ये तीच बॅटरी पेटली तर धूर लगेच दिसतो आणि कर्मचारी पाणी घेऊन धावतात. म्हणून सुट्या बॅटऱ्या केबिनमध्येच न्यायच्या, सामानकक्षात नाही. चाकू-कात्रीच्या अगदी उलट.

आगीचा हा धाक कोरडा नाही. ११ मे १९९६ रोजी व्हॅल्यूजेट या अमेरिकी एअरलाइनच्या ५९२ क्रमांकाच्या उड्डाणात मुदत संपलेले रासायनिक ऑक्सिजन जनरेटर (ऑक्सिजन तयार करताना खूप तापणारी उपकरणं) सुरक्षा टोप्या न लावताच सामानकक्षात चढवले गेले होते. त्यांच्यामुळे आग लागली. मायामीहून निघाल्यावर दहा मिनिटांच्या आत विमान एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळलं आणि ११० माणसं गेली. ते प्रवाशांचं सामान नव्हतं, पण एका खोक्यातली चूक कुठवर जाते हे त्यातून कळतं.

बॅटरी असलेली प्रत्येक वस्तू बाजूला काढा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, त्यामुळे इथे सावकाश जाऊ.

पॉवर बँक ही नियमांच्या दृष्टीने सुटी बॅटरीच आहे. ती कायम हातातल्या बॅगेत. कॅमेऱ्याच्या, ड्रोनच्या, लॅपटॉपच्या जादा बॅटऱ्याही तशाच. ई-सिगारेटही केबिनमध्येच न्यायची, तीही विमानात न ओढता आणि चार्ज न करता.

बॅटरी किती मोठी चालेल हे वॉट-अवरवर, म्हणजे तिच्यात मावणाऱ्या ऊर्जेच्या मापावर ठरतं. १०० वॉट-अवरपर्यंत सहसा परवानगी लागत नाही. १०० ते १६० वॉट-अवरच्या बॅटरीला एअरलाइनची आगाऊ मंजुरी लागते आणि अशा सुट्या बॅटऱ्या जास्तीत जास्त दोनच नेता येतात. १६० च्या वर प्रवासी सामानात जागाच नाही. चालायला अडचण असलेल्यांच्या व्हीलचेअरच्या बॅटरीसाठी मात्र वेगळे नियम आहेत, ते एअरलाइनशी आधी बोलूनच ठरवा.

पॉवर बँकेवर बहुतेक वेळा एमएएचचाच आकडा मोठ्या अक्षरात असतो. वॉट-अवर काढायचे तर तो आकडा व्होल्टेजने गुणा आणि १,००० ने भागा. आतल्या सेलचं व्होल्टेज साधारण ३.७ असतं. म्हणजे १०,००० एमएएचची पॉवर बँक ३७ वॉट-अवरची, २०,००० ची ७४ ची. २७,००० ची ९९.९ वर म्हणजे अगदी काठावर बसते. ३०,००० ची १११ होते, ती विचारल्याशिवाय नेऊ नका. छापील आकडा पुसून गेला असेल तर तपासणारा माणूस ती अडवू शकतो. आकडाच वाचता येत नसेल तर त्याने तरी काय करावं? अशी पॉवर बँक घरीच ठेवा. फुगलेली, चेपलेली, कंपनीने परत मागवलेली बॅटरी तर कुठल्याच बॅगेत नको.

सुट्या बॅटऱ्या एकमेकींना किंवा किल्ल्या-नाण्यांना लागल्या की शॉर्ट सर्किट होतं. उघड्या टोकांवर चिकटपट्टी लावा, किंवा प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत ठेवा. लॅपटॉप चेक-इनमध्ये टाकणं भाग असेल तर तो पूर्ण बंद करा. झाकण मिटून झोपवलेला लॅपटॉप बंद नसतो. बॅटरीवाली स्मार्ट सुटकेस असेल तर तिची बॅटरी निघते का ते विकत घेतानाच बघा. न निघणारी मोठी बॅटरी असलेली सुटकेस एअरलाइन घेत नाही.

२८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या गिमहे विमानतळावर एअर बुसानचं विमान उड्डाणाआधीच पेटलं. आग डोक्यावरच्या कप्प्यापाशी लागली होती आणि तपासात संशय पॉवर बँकेवर गेला. सुदैवाने सगळे वाचले. त्यानंतर दक्षिण कोरियाने पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायला मनाई केली. आता बऱ्याच एअरलाइन्स प्रवासात पॉवर बँक वापरू देत नाहीत, काही ठिकाणी किती न्यायच्या यावरही मर्यादा आहे. चीनने जून २०२५ पासून देशांतर्गत उड्डाणांत ३सी हे प्रमाणचिन्ह नसलेल्या पॉवर बँकांना बंदी घातली. इथले नियम झपाट्याने बदलत आहेत. आपल्या एअरलाइनचं पान निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा बघा.

आणखी एक. फोन सीटच्या फटीत पडला तर सीट मागेपुढे करून शोधू नका. यंत्रणेत चिरडलेली बॅटरी पेटते. कर्मचाऱ्यांना बोलवा.

पेटणारं, फुटणारं, सांडलं तर खाऊन टाकणारं

या ढिगातलं बहुतेक सामान घरीच राहणार आहे. फटाके, फुलबाज्या, पार्टी पॉपर, पेट्रोल, रॉकेल, थिनर, ऑइल पेंट, स्टोव्हचे गॅसचे डबे, ब्लीच, पोहण्याच्या तलावात टाकतात त्या क्लोरीनच्या गोळ्या, आम्लाची बॅटरी, कीटकनाशकं: यातलं काही केबिनमध्येही नाही आणि चेक-इनमध्येही नाही. ब्लीच आणि क्लोरीन स्वतः पेटत नाहीत, पण दुसऱ्या पेटलेल्या वस्तूला जोर देतात. कॅम्पिंगचा स्टोव्ह वापरलेला असेल तर नुसता रिकामा करून भागत नाही, टाकीत इंधनाचा अंश उरतोच. तो पूर्ण साफ करून एअरलाइनची परवानगी घ्यावी लागते.

पारा विमानाचा वेगळाच शत्रू आहे. विमानात ॲल्युमिनियम भरपूर असतं, आणि पारा त्यावरचा संरक्षक थर फोडून धातू पोखरत जातो. पाऱ्याचा बॅरोमीटर प्रवाशाला नेता येत नाही. ताप मोजण्याचा पाऱ्याचा छोटा थर्मामीटर एकच, तोही कडक डबीत घालून चेक-इनमध्ये. डिजिटल थर्मामीटर न्या, प्रश्नच मिटेल.

लायटर एकच, आणि तो बॅगेत नाही, अंगावरच्या खिशात. काडेपेटीचंही तसंच: सुरक्षित काड्यांची एक छोटी पेटी, दोन्हींपैकी एकच. कशावरही घासली की पेटणारी काडी आणि निळ्या झोताचा टॉर्च लायटर पूर्ण बंद. काही देशांत साधा लायटरही घेऊ देत नाहीत, त्यामुळे सोडून देता आला तर उत्तम.

परफ्यूम, डिओडरंट, हेअर स्प्रे असली प्रसाधनं चालतात, पण एक डबा ५०० मिलिलिटरच्या आत आणि सगळं मिळून २ लिटरच्या आत. हातातल्या बॅगेत मात्र पुढे सांगितलेली १०० मिलिलिटरची मर्यादा धरा. टोपण घट्ट बसलेलं असू द्या, दाबलं गेलं तर बॅगभर फवारा होईल. पेपर स्प्रेला आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दोन्ही बॅगांत मनाई आहे. अमेरिकेत चेक-इनमध्ये एक छोटी बाटली चालते, पण तेवढ्यावर विसंबून दुसऱ्या देशात जाऊ नका. स्वसंरक्षणासाठी तो जवळ ठेवणाऱ्यांची यात फार अडचण होते, हे मला ठाऊक आहे. तरीही बंद केबिनमध्ये तो फुटला तर सगळ्यांच्याच डोळ्यांची आग होईल.

दारू अल्कोहोलच्या प्रमाणावर ठरते. २४ टक्क्यांपर्यंत या नियमांचं बंधन नाही, २४ ते ७० टक्के असेल तर माणशी ५ लिटर, तेही दुकानातल्या सीलबंद बाटलीत. ७० च्या वर अजिबात नाही. आयात शुल्काची मर्यादा याहून वेगळी आणि बहुधा कमी असते.

द्रवपदार्थ

ऑगस्ट २००६ मध्ये लंडनमध्ये द्रव स्फोटकांनी विमानं उडवण्याचा कट उघडकीस आला. हातातल्या बॅगेसाठी १०० मिलिलिटरची मर्यादा त्यातून आली. यात मोजतात ते बाटलीचं माप, आत उरलेला द्रव नाही. २०० मिलिलिटरच्या बाटलीत तळाला चार थेंब शॅम्पू असला तरी ती अडते. छोट्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक, बंद होणाऱ्या पिशवीत बसवा. टूथपेस्ट, क्रीम, जेल, जॅम हे सगळे द्रवच धरा: ओतता, फासता किंवा फवारता येतं ते द्रव. औषधं आणि बाळाचं दूध यांना सूट असते, पण ती स्वतःहून दाखवा आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा. काही विमानतळांवर नवे स्कॅनर बसल्यामुळे ही अट सैल झाली आहे. तिथून निघताना मोठी बाटली जाईल, परतीच्या विमानतळावर मात्र तीच अडू शकते.

धारदार आणि जड

इथे फार विचार करू नका. चाकू, ब्लेड, हातोडी, पाना, क्रिकेटची बॅट, गोल्फची काठी सरळ चेक-इनमध्ये. युरोपात केबिनमध्ये ६ सेंटीमीटरपर्यंतचं पातं चालतं, अमेरिकेत खिशातला लहानसा चाकूही चालत नाही. दोन देशांतून जाणार असाल तर कडक नियम धरून चला. पाती गुंडाळून ठेवा, बॅग तपासणाऱ्याचा हात कापू नये. खेळण्यातली बंदूक दिसायला खरी वाटत असेल तर तीसुद्धा हातातल्या बॅगेत नको.

विचारल्याशिवाय न न्यायच्या गोष्टी

कोरडा बर्फ २.५ किलोपर्यंत नेता येतो, पण एअरलाइनच्या मंजुरीने आणि वायू बाहेर पडेल अशा डब्यातच. घट्ट बंद डबा फुटतो. वैद्यकीय ऑक्सिजनचा सिलिंडर, आपोआप फुगणारं लाइफ जॅकेट, बंदुकीची काडतुसं यांनाही आधी मंजुरी लागते. फोनवर मिळालेला होकार पुरेसा समजू नका, ईमेलवर लेखी घ्या आणि छापून सोबत ठेवा.

उतरायच्या देशाचे कायदे हा वेगळा विषय आहे. विमानात जे चालतं ते तिथल्या कस्टममध्ये अडू शकतं. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दूधजन्य पदार्थ आणता येत नाहीत. ऑस्ट्रेलियात खाण्याची वस्तू लपवली तर जबर दंड होतो. हस्तिदंत, प्रवाळ, काही शंख हे साइट्स करारात, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या, १९७५ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय करारात येतात, भेट म्हणून मिळाले असले तरी.

तपासणीत अडलात तर

वाद घालू नका आणि बॉम्बचा विनोद तर चुकूनही करू नका. वस्तू मोलाची असेल तर परत जाऊन ती चेक-इन करता येईल का, किंवा सोडायला आलेल्या माणसाच्या हाती देता येईल का, हे शांतपणे विचारा. त्यासाठी हातात थोडा वेळ हवा. म्हणून शंका असलेली बॅग घेऊन निघताना घरून थोडं लवकर निघा.

आणि विमान भरलेलं असेल तर बोर्डिंगच्या दारात तुमची हातातली बॅग अचानक मागून घेतील, खाली सामानकक्षात टाकायला. माझ्यावर ती वेळ आली तेव्हा पॉवर बँक बॅगेच्या तळाशी होती आणि मागच्या माणसांना थांबवून मला सगळे कपडे उपसावे लागले. तेव्हापासून सगळ्या बॅटऱ्या, पॉवर बँक आणि औषधं मी एका छोट्या पाऊचमध्ये, बॅगेच्या अगदी वरच्या कप्प्यात ठेवतो. बॅग मागितली की पाऊच काढायचा, खांद्याला अडकवायचा आणि बॅग देऊन टाकायची.