पटणं आणि विश्वास : श्रद्धाळू घरातून उत्क्रांती शिकायला निघालेल्यांसाठी

आमच्या घरी संध्याकाळी सातला कौटुंबिक प्रार्थना होते. नगरचं घर, चार पिढ्यांचं ख्रिस्ती. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते, बाबा मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, कमिटीवर आहेत आणि मी पुण्यात उत्क्रांतीवर पीएचडी करते आहे. पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, पहिल्या पुस्तकाचं मराठी नाव 'उत्पत्ती', माझा विषय 'उत्क्रांती'. आजीला दोन्ही शब्द एकच वाटायचे. "नात उत्पत्तीचा अभ्यास करते," असं ती उपासना सुटल्यावर बायकांना कौतुकानं सांगायची आणि मी शेजारी गप्प उभी राहायचे. दुरुस्त करायचं धाडस होत नव्हतं.

त्या गप्प राहण्यानं माझी तीन-चार वर्षं कुरतडली, म्हणून हे लिहिते आहे. दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत ओळखीतून एखाद-दुसरा फोन येतोच. कुणाच्या घरी वारी असते, कुणाच्या घरी पाच वेळची नमाज, कुणी आमच्यासारखं. प्रश्न एकच असतो : ताई, हा विषय घेतला की देव सोडावा लागतो का?

मी सोडला नाही. पण "काही होत नाही, घे बिनधास्त" एवढं सांगून मी फोन ठेवत नाही, कारण होतं बरंच काही.

आधी शब्दांचं बोलू. "तुझा उत्क्रांतीवर विश्वास आहे का?" असं मला घरातही विचारलं गेलं आणि प्रयोगशाळेतही. आमच्या समाजात विश्वास हा फार वजनाचा शब्द आहे. आम्ही स्वतःला विश्वासी म्हणवतो. तोच शब्द उत्क्रांतीला लावला की ती आपोआप दुसरा धर्म होऊन बसते, आणि दोन धर्मांत एकच निवडायचा असतो. मला बऱ्याच उशिरा कळलं की इथे क्रियापदच चुकतंय. उत्क्रांती पटते किंवा पटत नाही. पटायला पुरावा लागतो, आणि उद्या उलट पुरावा आला तर पटलेलं सोडून द्यायची तयारी लागते. आजोबांच्या शेवटच्या दिवसांत त्यांच्या खाटेशी बसून स्तोत्रं म्हणताना मला जे होतं ते या जातीचं नव्हतं. ते मी पुराव्यानं कमावलेलं नाही आणि पुराव्यानं ते जाणारही नाही.

मला उत्क्रांती पटली ती एमएस्सीच्या पहिल्या वर्षी, गुणसूत्रांमुळे. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यात गुणसूत्रांच्या 24 जोड्या असतात, आपल्यात 23. पूर्वज समान असेल तर आपली एक जोडी गेली कुठे? नुसती हरवली म्हणता येत नाही, तेवढी जनुकं गेली तर जीव जगणारच नाही. म्हणजे दोन गुणसूत्रं टोकाला टोक जोडून एक झाली असली पाहिजेत. तसं असेल तर एरवी फक्त टोकांना सापडणारा डीएनएचा ठरावीक क्रम आपल्या एखाद्या गुणसूत्राच्या मधोमध, एकमेकांकडे तोंड करून सापडायला हवा. 1991 मध्ये तो नेमका सापडला, आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात. प्रत्येक गुणसूत्राला एक सेंट्रोमिअर, म्हणजे पेशी विभागताना ते धरून ओढायची जागा असते; इथे वापरात नसलेल्या दुसऱ्या सेंट्रोमिअरच्या खुणाही आहेत. मी तो क्रम संगणकावर स्वतः उघडून पाहिला. तीच सहा अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, मधे मधे झिजलेली, आणि एका ठिकाणी त्यांची दिशा उलटते. हॉस्टेलच्या खोलीत रात्री एकटीच होते, अंगावर काटा आला होता. घाबरून नाही. इतकं जुनं काहीतरी आपल्या प्रत्येक पेशीत पडून आहे, याचं नवल वाटून.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं : देव की डार्विन हा वाद पहिल्याच वर्षी मिटवायच्या मागे लागू नका. आधी पुरावा हाताळा. आमच्या बीएस्सीच्या वर्गात हा भाग शिकवताना सरांनी "परीक्षेपुरतं लिहा, खरं काय ते वरच्याला माहीत," म्हणत दोन तासांत गुंडाळला. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. आज वाटतं, त्यांनी आमचं नुकसान केलं. परीक्षेपुरतं लिहायची सवय लागली की माणूस दोन्हीकडे खोटं बोलू लागतो. पेपरात न पटलेलं लिहितो, घरी पटलेलं लपवतो.

माझं लपवणं एकदा फार वाईट पद्धतीनं फुटलं. मंडळीच्या तरुण संघाच्या शिबिरात बाहेरून आलेल्या एका वक्त्यानं पडद्यावर एक परदेशी फिल्म दाखवली. पृथ्वीचं वय सहा हजार वर्षं, नोहाच्या तारवात डायनोसोरची पिल्लं, जीवाश्म सगळे जलप्रलयातले. मी उठले आणि सगळ्यांदेखत त्यांना खोटारडे म्हणाले. माहिती माझी बरोबर होती, पण समोर बसलेल्या पोरांपर्यंत त्यातलं काहीच पोचलं नाही. त्यांना एवढंच दिसलं की शिकलेली ताई पाहुण्यांना तोंडावर बोलली. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पुढे मंडळीच्या पाळकसाहेबांनी (आमच्या धर्मगुरूंनी) बोलावून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "हे सहा हजार वर्षांचं येतं कुठून, ते तुला सांगता येईल का?" मला सांगता येत नव्हतं. ज्याला मी विरोध करत होते त्याचा इतिहासच मला माहीत नव्हता.

तो वाचा, सगळ्यांनीच. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी सतराव्या शतकात पवित्र शास्त्रातल्या वंशावळी आणि इतर प्राचीन इतिहास ताडून जगाचा आरंभ इसवी सनापूर्वी 4004 असा काढला. आपल्या काळातल्या साधनांनी केलेला तो प्रामाणिक विद्वानाचा हिशेब होता. डार्विनचा ग्रंथ 1859 मध्ये आला, तेव्हा अमेरिकेत त्याची बाजू मांडणारे हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे हे निष्ठावान प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती होते. कॅथलिक चर्चनं 1950 मध्ये या विषयाच्या संशोधनाला वाट मोकळी ठेवली आणि 1996 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती ही आता निव्वळ कल्पना राहिलेली नाही, या अर्थाचं निवेदन केलं. उत्क्रांतीशिवाय जीवशास्त्रात कशालाच अर्थ नाही, असं 1973 मध्ये लिहिणारे आनुवंशिकीचे शास्त्रज्ञ डोब्झान्स्की ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होते. शिबिरातली फिल्म ज्या चळवळीतून आली तिचा आजचा अवतार मुख्यतः विसाव्या शतकातल्या अमेरिकेत घडला.

आणि तो कोर्टकचेऱ्यांतून घडला. 1925 मध्ये टेनेसीतल्या डेटन गावात जॉन स्कोप्स या शिक्षकाला उत्क्रांती शिकवल्याबद्दल 100 डॉलर दंड झाला. दंड पुढे तांत्रिक कारणावरून रद्द झाला, पण तो कायदा 1967 पर्यंत पुस्तकात होता. 1987 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं उत्क्रांतीसोबत निर्मितीवादही (देवानं सगळे जीव थेट घडवले, हे मत) शिकवलाच पाहिजे, हा लुइझियानाचा कायदा घटनाबाह्य ठरवला. मग तीच गोष्ट 'बुद्धिमान रचना' (जीव कुणा बुद्धिमान शक्तीनं रचले, असं म्हणणं) या नावानं आली आणि 2005 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हरच्या खटल्यात तीही टिकली नाही. त्या खटल्यात एका पाठ्यपुस्तकाचे जुने मसुदे कोर्टासमोर आले. 1987 च्या निकालानंतर त्यात 'निर्मिती'चे शब्द काढून जागोजागी 'रचना'चे घातले होते. उत्क्रांतीच्या बाजूनं पहिली साक्ष दिली जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर यांनी, जे स्वतः श्रद्धाळू कॅथलिक आहेत. हे मी पाळकसाहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी मिलर यांचं नाव वहीत टिपून घेतलं.

हिंदू मित्रमैत्रिणींनाही यातलं थोडं लागू आहे. "आमच्याकडे दशावतारात आहेच की, मासा, कासव, वराह," हे मी शेकडो वेळा ऐकलंय. जे. बी. एस. हाल्डेनसारख्या मोठ्या शास्त्रज्ञालाही त्या क्रमाचं कौतुक होतं, आणि कल्पना म्हणून ती सुंदरच आहे. पण उत्क्रांती ही पायऱ्यापायऱ्यांची शिडी नाही, ती फांद्या फुटत गेलेलं झाड आहे. कासव वराहाचा पूर्वज नव्हे, दोघं एका जुन्या फांदीची दूरची भावंडं. ग्रंथात विज्ञान शोधायला गेलं की ग्रंथाचीही ओढाताण होते आणि विज्ञानाचीही. जानेवारी 2018 मध्ये औरंगाबादला एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला नाही, म्हणून डार्विन चूक, असं म्हटलं. तेव्हा देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी मिळून निषेध केला. 2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून हा भाग गेला, त्याचं मला अजून वाईट वाटतं. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये मात्र 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा आहे. ज्यांनी तो नीट वाचला नसेल त्यांनी तिथूनच सुरुवात करावी.

आता अभ्यासाचं. गणिताला भिऊन जीवशास्त्राकडे आलेल्यांची इथे पंचाईत होते, कारण हा विषय अर्धा संख्याशास्त्र आहे. हार्डी-वाइनबर्गचं समीकरण (समूहातल्या जनुकांच्या प्रमाणाचा हिशेब) पाठ करू नका, कागदावर सोडवा. नैसर्गिक निवड आणि जनुकीय विचलन (निव्वळ योगायोगानं होणारा बदल) यांतला फरक ज्याला उदाहरणानं सांगता येतो, तो मुलाखतीत निम्मी लढाई जिंकतो. सीएसआयआर-नेट या संशोधन-प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेच्या जीवशास्त्रात 'उत्क्रांती आणि वर्तन' असं वेगळं युनिट आहे, ते बरीच मुलं ऑप्शनला टाकतात, तुम्ही टाकू नका. पुण्यात आयसर, बंगळुरूला आयआयएससी, एनसीबीएस, जेएनसीएएसआर या संशोधन संस्थांत या विषयावर उत्तम काम चालतं. उन्हाळ्यात महिना-दोन महिने कुठल्या तरी प्रयोगशाळेत काढा. वर्गात न कळलेलं तिथे हाताला कळतं.

आमच्या प्रयोगशाळेत फळमाश्या आहेत. दारातूनच केळं, गूळ आणि यीस्टचा आंबूस वास येतो. तोच त्यांचा खुराक. साधारण 10 दिवसांत अंड्याची माशी होते, म्हणून माणसाच्या आयुष्यात त्यांच्या शेकडो पिढ्या पाहता येतात. माझा प्रयोग उपाशी राहण्याचा. दर पिढीला माश्या अन्नाविना ठेवायच्या आणि ज्या जास्त तग धरतात त्यांचीच अंडी पुढे न्यायची. पिढ्या उलटतात तशी माश्यांच्या अंगातली चरबी वाढत जाते, त्या अधिकाधिक तास टिकतात. मोजणीच्या दिवशी कुपीत फक्त ओलाव्यापुरती आगारची जेली असते, अन्न नाही. दर चार तासांनी कुपीवर हलकी टिचकी मारायची. उताण्या पडलेल्या माशीचा पाय हलला तर जिवंत, नाही हलला तर वहीत नोंद.

अशाच एका मोजणीत शनिवारी बाबा पुण्यात आले आणि हॉस्टेलवर भेट होईना म्हणून प्रयोगशाळेतच येऊन बसले. शिबिरानंतर आम्ही या विषयावर बोललो नव्हतो. दोन मोजण्यांच्या मधे त्यांनीच काढलं, "मग उत्पत्ती खोटी का?" मी म्हटलं, नाही बाबा. जग कुणाचं आहे आणि माणसानं कसं राहावं, हे मी तिच्यातून घेते. माशीला चरबी कशी आली, ते ती सांगत नाही आणि सांगायला लिहिलेलीही नाही. ते गप्प झाले. मग मी त्यांना स्टीफन हिस्लॉप यांची गोष्ट सांगितली. स्कॉटलंडहून नागपूरला आलेले मिशनरी, ज्यांच्या नावाचं कॉलेज तिथे आहे. सुवार्ता सांगत गावोगाव फिरताना ते दगडही फोडत. नागपूरजवळच्या टाकळीला लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात त्यांना गोगलगायींचे, फळा-बियांचे जीवाश्म मिळाले. आज त्या थरांचं वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं धरतात. 1863 मध्ये पुराच्या पाण्यात बुडून ते गेले.

"मिशनरी असून?" बाबांनी विचारलं.

"मिशनरी असून."

दोनचा गजर झाला. मी कुपी उचलत होते तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि वही आपल्याकडे ओढली. मी टिचक्या मारत आकडे सांगितले, त्यांनी लिहिले. प्रबंधाच्या कच्च्या नोंदींत त्या रात्रीचं पान आहे, दोन वाजताचा रकाना बाबांच्या अक्षरात. पाच आणि सात ते अजून मोडीच्या वळणानं काढतात.