डिप्लोमावाल्या बापाने मांडलेला डी आन्झाचा हिशेब

मी कराडला डिप्लोमा केला आणि मग इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षाला बसलो. माझी मावशी तेव्हा आईला हळूच विचारायची, "बारावीचं झेपणार नव्हतं का गं त्याला?" पदवी हातात आली तेव्हा त्या कागदावर डिप्लोमाचा ड सुद्धा नव्हता. म्हणून एप्रिलमध्ये लेक म्हणाली, "बाबा, डी आन्झाला जाऊ का?" तेव्हा मी दचकलो नाही. बायकोचा चेहरा मात्र हुबेहूब मावशीसारखा झाला.

आम्ही राहतो कॅलिफोर्नियात, सनीवेलला. डी आन्झा हे शेजारच्या क्युपर्टिनोचं कम्युनिटी कॉलेज, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणारं सरकारी कॉलेज. लेकीला कॉम्प्युटर सायन्स हवं होतं. यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) एका कॅम्पसने प्रवेश दिला होता, पण दुसऱ्याच विषयाला. १ मेपर्यंत उत्तर कळवायचं होतं. कम्युनिटी कॉलेज म्हणजे मागचं दार, असं आपल्या लोकांत सर्रास बोलतात. कॅलिफोर्नियात तरी ते खोटं आहे. दोन वर्षं इथे, दोन वर्षं विद्यापीठात, हा रस्ता राज्याने उच्च शिक्षणाच्या १९६० च्या मास्टर प्लॅनमध्ये आखून ठेवला आहे, आणि यूसीत ट्रान्सफरने येणाऱ्यांत कम्युनिटी कॉलेजवालेच सगळ्यात जास्त असतात. इतर राज्यांतले नियम वेगळे आहेत. तिकडच्यांनी माझं जसंच्या तसं उचलू नये.

सगळे पैशांपासून सुरुवात करतात. तुम्ही करू नका. आधी मुलाला शेजारी बसवून असिस्ट डॉट ऑर्ग (कुठला कोर्स कुठे धरतात ते सांगणारी वेबसाइट) उघडा. कुठल्या कॉलेजातून, कुठल्या कॅम्पसला, कुठला विषय, हे तिन्ही निवडलं की समोरासमोर यादी येते: त्यांचा हा कोर्स म्हणजे इथला हा कोर्स. दोन-तीन कॅम्पसांच्या याद्या छापून घ्या. आम्ही जेवणाच्या टेबलावर पसरल्या आणि जे कोर्स सगळ्यांत आहेत त्यांवर पिवळी रेघ मारली. एका कॅम्पसला भौतिकशास्त्र लागतं, दुसऱ्याला नाही. एकाला अमुक प्रोग्रॅमिंग भाषा चालते, दुसऱ्याला नाही. "नो कोर्स आर्टिक्युलेटेड" असा शेरा दिसला, तर त्याच्या तोडीचा कोर्स आपल्या कॉलेजात नाही. मग जवळचं दुसरं कॉलेज बघायचं. लॉस आल्टोस हिल्सचं फूटहिल हे डी आन्झाचंच भावंड आहे.

मग साखळ्या शोधा. डी आन्झात कॅल्क्युलस वन-ए पासून वन-डी पर्यंत चार क्वार्टरांत (जेमतेम तीन महिन्यांच्या सत्रांत) पसरलंय, फिजिक्स फोर-ए, बी, सी असं एकामागोमाग येतं आणि प्रोग्रॅमिंगची वेगळी रांग. एखादा दुवा निसटला तर सबंध वर्ष निसटतं. दोन वर्षांची तीन वर्षं होतात ती बहुधा इथेच. एपी कॅल्क्युलस (शाळेतच केलेला कॉलेज पातळीचा कोर्स) झालं असेल तर दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: डी आन्झा त्यावर कुठून सुरुवात करू देतं, आणि यूसीचा तो कॅम्पस त्याला काय मानतो?

आता पैसे. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला डी आन्झात युनिटला (कोर्स मोजायचं माप) ३१ डॉलर पडतात (सेमिस्टरवाल्या कॉलेजांत ४६). यूसीत तिसऱ्या वर्षाला बसायला ९० क्वार्टर युनिट लागतात, म्हणजे २,७९० डॉलर. वर किरकोळ शुल्क आणि पुस्तकं. यूसीची नुसती फी वर्षाला १५ हजारांच्या आसपास, राहणं-खाणं धरून ४० हजारांच्या घरात. डी आन्झाला घरूनच ये-जा, त्यामुळे पोळीभाजी घरची. पहिल्यांदा कॉलेजात येणाऱ्या पूर्णवेळ विद्यार्थ्याला ‘प्रॉमिस’ या फीमाफी योजनेखाली ही फीसुद्धा माफ होऊ शकते, त्यासाठी फाफ्सा हा सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज भरावा लागतो. "आपलं उत्पन्न जास्त, आपल्याला काय मिळणार" म्हणून तो फॉर्म सोडून देणारी घरं मी पाहिली आहेत.

मुलं एच-४ वर (आईबापांच्या एच-१बी वर अवलंबून असलेला व्हिसा) असतील तर कागद आधी बघा. फेडरल मदत नाही, आणि २१ वर्षं पूर्ण झाली की एच-४ संपतो. ट्रान्सफर होते त्याच सुमाराला ही तारीख येऊन धडकते. एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसा) जावं लागलं तर फीचं गणित बदलू शकतं, तेव्हा वकिलाला आत्ताच विचारा. पुण्याहून माझ्या पुतण्याने विचारलं, "काका, मीही येऊ का डी आन्झाला?" त्याला सांगितलं, तुला ३१ डॉलर नाहीत रे बाबा, बाहेरच्यांची फी कित्येक पट आहे.

टॅगबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. टॅग म्हणजे ट्रान्सफरवाल्यांना यूसीकडून मिळणारी प्रवेशाची लेखी हमी, पण ती सहाच कॅम्पस देतात: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ. बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो देत नाहीत. टॅग एकाच कॅम्पसचा भरता येतो, आणि कॉम्प्युटर सायन्ससारख्या गर्दीच्या विषयांना काही ठिकाणी चालतच नाही. अर्ज सप्टेंबरमध्ये, यूसीचा मुख्य अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात. म्हणजे दुसरं वर्ष सुरू होतानाच ४५ युनिट खिशात हवेत. पहिल्या वर्षाचा पहिला क्वार्टर "जरा रुळू दे" म्हणून ढिला सोडलात तर त्याचे गुण थेट या अर्जावर जातात.

आता माझा स्वतःचा अनुभव, कारण माहितीपत्रकात हे लिहिलेलं नसतं. थेट दुसऱ्या वर्षाला गेलो तेव्हा वर्गात टोळ्या आधीच जमल्या होत्या आणि एम-थ्रीत (इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या गणितात) माझी दांडी उडाली. इथे तर तिसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरातच कंपन्या पुढच्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिपसाठी येतात, आणि आपलं पोर तेव्हा लायब्ररी कुठे आहे ते शोधत असतं. म्हणून लेकीला अट घातली: डी आन्झातच एक क्लब, एका प्राध्यापकाशी नीट ओळख, आणि उन्हाळ्यात एक दाखवण्याजोगा प्रोजेक्ट.

पोराचा स्वभावही बघा. माझ्या एका मित्राचा मुलगा घरी राहिला तर दुपारी बारापर्यंत झोपणारा. त्याला लांब पाठवलं ते बरं झालं. विद्यापीठाने हव्या त्या विषयात प्रवेश दिला असेल आणि कर्ज न काढता जमत असेल, तर मीही पाठवलं असतं. नको त्या विषयात जाऊन "आत गेल्यावर बदलू" मात्र करू नका. गर्दीच्या विषयात आतून शिरणं बऱ्याच कॅम्पसांवर जवळजवळ बंद आहे. आमचा निर्णय खरं तर याच एका मुद्द्यावर झाला.

ठरलं की त्याच आठवड्यात ओरिएंटेशन आणि काउन्सेलरबरोबर शिक्षणाचा आराखडा उरकून घ्या. त्याशिवाय रजिस्ट्रेशनचा नंबर मागे जातो. काउन्सेलरकडे जाताना पिवळ्या रेघांचा कागद न्या. आमच्या वेळी तिने तो पाच मिनिटं वाचला आणि एक कोर्स पुढच्या क्वार्टरला ढकलला.

मावशीचा फोन आला होता. "कुठल्या कॉलेजात गं?" बायको म्हणाली, "ॲपलच्या शेजारी."